बिननुक्त्याचा पूल

आधीच सांगून ठेवतो, आमच्या अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं उर्दू लिहिणारा दुसरा माणूस नव्हता! पुढं जे काही झालं ते याच एका कारणानं झालं, पण म्हणून खोटं कशाला बोलू? गोष्ट फसली सन तेराशे सत्तेचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस-अडतीसची, निजामाच्या अमलातली. कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले आणि आमच्या बोरखेडीत मिडल पास झालेला मी एकटा, बद्रीनाथ! कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक गूळ-शेंगा घेऊन माझ्या ओट्यावर यायचे.

आता उर्दू अक्षरांना खाली-वर नुक्ते असतात, म्हणजे टिंबं. ती पोरांसाठी! कचेरीत मुरलेला मुन्शी नुक्ते देत नाही. वाचणारा शहाणा आहे असं धरून लिहायचं, ही तिथली अदब. नुक्ते दिले तर वाचणाऱ्याला वाटतं, हा मला अडाणी समजला की काय! मी तर मुन्शांच्याही चार पावलं पुढं होतो. माझ्या एका अर्जात तहसिलीच्या मुन्शाला एकदा एक नुक्ता सापडला, तर ती माशीनं केलेली घाण निघाली.

असा मी. आणि माझं लग्न अडलं होतं एका नाल्यावर!

नाल्याच्या अलीकडं आमची बोरखेडी, पलीकडं पिंपळवाडी. पिंपळवाडीच्या कडूबाची उषा मला पसंत होती. पसंत होती हे मी सभ्यपणानं म्हणतोय. खरं तर मला तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं! तिचाही मला नकार नव्हता. पण कडूबा म्हणजे एकदा म्हटलं की म्हटलं.

"बद्रीनाथ, तुमचं घर चांगलं, रान चांगलं. पण ह्यो नाला? पावसाळ्याचे चार म्हैने पोरगी तिकडं आन् आमी इकडं. सनासुदीला काय तिला टोपल्यात घालून आनू? नाल्यावर पूल आना, मंग पोरगी न्या!"

उषा दारात उभी होती. ती म्हणाली, "जरा जल्दी करा. पूल होईस्तोवर मी काय नाल्याकडं बघत बसनार न्हाई."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "पूल आलाच म्हनून समजा!"

माझ्या छातीला कारण होतं. आमच्या तालुक्याच्या अंमलदारांना त्या साली रयतेची तरक्की करायची लहर आली होती. त्यांनी 'मजलीस-ए-तरक्की' म्हणजे प्रगतीची सभा काढली. सरकारी पैसा कशावर खर्च करायचा हे मेंबरांनी बहस करून ठरवायचं. मेंबर कोण? तर ज्याला रान भरपूर आहे तो, ज्याचा धंदा मोठा आहे तो, आणि शोभेला एखादा शिकलेला. शोभेच्या जागी मला घेतलं.

मी तजवीज, म्हणजे ठराव, लिहिली. एकच ओळ. "बोरखेडी के नाले पर एक पुल की सख्त जरूरत है." कागद असा झाला होता की भिंतीला लावावा! नुक्ता एकही नाही.

बैठकीच्या दिवशी कडूबा स्वतःच्या बैलगाडीतून तालुक्याला आला. रयतेला लांब ओसरीत दोरीच्या पलीकडं बसवलं होतं, तिथं आतलं बोलणं धड ऐकू येत नसे. कडूबाला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं, पण मांडी घालून, पागोटं सावरून असा बसला की जणू कीर्तनच ऐकायचंय.

मजलिशीचे सदरसाहेब, म्हणजे अध्यक्ष, हे पेन्शनीत निघालेले एक अंमलदार. त्यांना झोप आणि कायदा या दोनच गोष्टी प्रिय होत्या. आधी तरक्कीच्या महत्त्वाच्या बाबी झाल्या. मेंबरांना बसायला शिसवी खुर्च्या. मंजूर! मेंबरांना सरबत आणि पान. मंजूर! तरक्की म्हणजे काय हे शोधून काढायला एक कमिटी. तीही मंजूर! तिजोरीत जे काही उरलं त्यात मुल्क घडवायचा होता, आणि त्यासाठी माझा कागद निघाला.

वाचायला पेशकार मुबारक उभा राहिला. माणूस चांगला, चष्मा जाड. "बोरखेडी के नाले पर एक..." आणि थांबला. कागद लांब धरला, जवळ धरला. मग त्याचा चेहरा उजळला. "एक नल की सख्त जरूरत है!"

नल! म्हणजे नळ! तुम्हाला म्हणून सांगतो, उर्दूत 'पुल' लिहून नुक्ते गाळले की उरतो एक दात आणि पुढं एक काठी. त्याच्या खाली तीन नुक्ते दिले तर पुल. वर एक दिला तर नल. वर दोन दिले तर तिल. खाली एक दिला तर बल. आणि मी एकही दिला नव्हता! वाचणारा शहाणा आहे असं मी धरून चाललो होतो.

मी ताडकन उठलो. "सदरसाहेब, ते..."

"बैठिये!" सदरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "कायदा सतरा! तजवीज मांडनेवाला बहस खतम होने तक बोल नहीं सकता!"

बसलो. तोवर ख्वाजामियाँ उठले. तालुक्यातले तेलाचे सर्वांत मोठे व्यापारी. त्यांनी कागद मागवून घेतला आणि मान हलवली.

"मुबारक, चष्मा बदल! ये नल नहीं है जी, तिल है! नाले के किनारे तिल बराबर आता. मेंबरसाब बोलरें के वहाँ सरकारी खर्चे से तिल बोव. मैं पूरी ताईद करता हूँ. मुल्क की तरक्की किससे है? तेल से!"

"बिलकुल न्हाई!" असं ओरडून काकासाहेब उभे राहिले. तीनशे एकराचे धनी, आणि त्यांचा पुतण्या पैलवान. "मला दाखवा. हे काय तीळबीळ न्हाई. हे बल हाय, बल! म्हंजे ताकद! नाल्यावर आखाडा पाहिजे असं म्हंतोय ह्यो गडी. ज्या मुल्कात तालीम न्हाई त्याची तरक्की कशी व्हावी? वस्ताद म्हनून आमचा पुतण्या फुकट काम करील. फकस्त खुराक सरकारनं द्यावा."

"आखाडा नाले पे?" ख्वाजामियाँ म्हणाले. "पैलवान बह जाएंगे जी!"

"मंग तुमचे तीळ काय पोहतात व्हय?"

झालं! मग जी बहस लागली म्हणता! ख्वाजामियाँ तेलाचे भाव सांगू लागले, काकासाहेबांनी पुतण्याच्या छातीचं माप सांगितलं. एकानं दुसऱ्याला रयतेचा दुश्मन म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला तेलात भेसळ करणारा म्हटलं. हे तेवढं खरं होतं, म्हणून जास्त गोंधळ झाला. मी पुन्हा उठलो. "कायदा सतरा!" तिसऱ्यांदा उठलो तेव्हा सदरसाहेब म्हणाले, "अब उठे तो बाहर!"

शेवटी मला युक्ती सुचली. बोलायला बंदी होती, लिहायला नव्हती! मी घाईघाईनं चिठ्ठी खरडली, "पुल है, नल नहीं," आणि चपराशाच्या हाती पेशकाराकडं धाडली. धाडल्यावर ध्यानात आलं. हाताला वर्षानुवर्षांची सवय! चिठ्ठीतही नुक्ता नव्हता.

मुबारकनं चिठ्ठी उघडली आणि खणखणीत वाचली. "मेंबरसाहब फरमाते हैं, नल है, नल नहीं!"

सदरसाहेबांची झोप उडाली. त्यांनी दाढी कुरवाळली. "नल है... नल नहीं... वाह! बहुत गहरी बात है." काकासाहेबांनीही समजल्यासारखी मान डोलावली, कारण न समजल्यासारखी डोलवायची कशी हे त्यांना येत नव्हतं.

मग सदरसाहेबांनी निकाल दिला. तीळ पेरायला सरकार कशाला, शेतकरी पेरील. बल खुदा देतो. नळ मात्र सरकारनंच द्यावा लागतो. म्हणून तजवीज नळाचीच आहे!

"पन साहेब," काकासाहेब म्हणाले, "नाल्यात पानी हायच की. नळ कशापायी?"

हा त्या दिवसातला एकमेव शहाणा प्रश्न होता. मला वाटलं, वाचलो! पण सदरसाहेब मिशीत हसले.

"पानी है. मगर बंद करने का इंतजाम है? रात-दिन बह रहा है! ये मुल्क का नुकसान नहीं तो क्या है?"

"वाहवा!" ख्वाजामियाँ ओरडले. काकासाहेबांनी टेबल बडवलं. मुल्काचं एवढं पाणी इतकी वर्षं तोटीवाचून वाहून जातंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! सगळ्या मेंबरांचे हात वर. मंजूर!

दोरीपलीकडं कडूबानं वाहवा ऐकली आणि तो टाळ्या वाजवू लागला.

"अब मेंबरसाहब बोलेंगे," सदरसाहेब म्हणाले. "मगर एक बात. इस कागज पर मंजुरी हुई है. अगर कागज लिखने में आपसे गलती हुई हो तो साफ कह दीजिये. मंजुरी रद्द होगी, आप नया कागज अगले साल लाइये. क्या आपसे लिखने में गलती हुई है?"

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. मुबारक बघत होता, तहसिलीचे मुन्शी दारात गोळा झाले होते. हेच मुन्शी माझं अक्षर बघून जळायचे! एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. एक वर्ष थांबलो असतो, नुक्ते देऊन लिहिलं असतं, पूल झाला असता, उषा घरी आली असती.

"जी नहीं," मी म्हणालो. "मुझसे और गलती?"

टाळ्या! त्या टाळ्यांइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. पण ती नंतर. त्या वेळी मी कमरेत वाकून सलाम केला.

बाहेर कडूबानं माझे दोन्ही हात धरले. "झालं का मंजूर?"

"मंजूर झालं," मी म्हणालो. खोटं नव्हतं!

कडूबानं परतीच्या वाटेवर वाटूरच्या चौफुलीवर गाडी थांबवून सगळ्यांना पेढे वाटले. साखरपुड्याची बोलणी करायला पुढच्या आठवड्यात या म्हणाला. मी मनाशी म्हटलं, सरकारी काम, यायला चार-पाच वर्षं लागतील, तोवर दोन पोरं होतील, मग कोण विचारतंय पूल का नळ!

पण माझं नशीब बघा. त्या सरकारात वेळेवर झालेलं एकच काम, आणि ते माझं! सहाव्या दिवशी लोखंडी पाइप भरलेल्या तीन गाड्या नाल्यावर हजर. बरोबर रामकिसन नावाचा ओव्हरसियर, डोक्यावर टोपी, हातात फूटपट्टी. कडूबा धावत आला आणि पाइप हातानं चाचपून म्हणाला, "खांब लई बारीक दिसतात की वो!"

"खांब कशाचे, काका? नळ हाय ह्यो," रामकिसन म्हणाला. "तुमच्या मेंबरांनीच मागितलाय."

कडूबानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

"नाल्यावर नळ?" कडूबा म्हणाला. "मी काय मागितलं आन् तुमी काय मागितलं?"

मी त्याला सगळं सांगितलं, नुक्त्यांसकट. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे तुमाला लिव्हता येत न्हाई," तो म्हणाला.

माझा असा अपमान सदरसाहेबांनीही केला नव्हता!

काम दोन महिने चाललं. नाल्यात पाइप, काठावर सिमेंटचा ओटा, ओट्यावर पितळी तोटी. नाला भरला की नळ पाण्याखाली जायचा आणि नाला आटला की नळही कोरडा. पण रामकिसननं काम मात्र नेटकं केलं. त्याची राहायची सोय कडूबाच्या घरी झाली होती. चौकशीत तो पाहुण्यातलाच निघाला. कडूबाची बायको नंदाबाई त्याला दोन्ही वेळा गरम भाकरी वाढायची, आणि पाण्याचा तांब्या कोण नेऊन द्यायचं हे मला अलीकडच्या काठावरून स्पष्ट दिसायचं.

एकदा उषा तोटीपाशी भेटली. मी म्हणालो, "उषा, पुढल्या साली नवा कागद देतो. नुक्ते देऊन!"

ती म्हणाली, "द्या की. पन मी कागद न्हाई वो, साल-साल पडून ऱ्हायला."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, कारण ती बरोबर बोलली होती. घरी जाऊन मी दोन दिवस जेवलो नाही. आई म्हणाली, पित्त झालं असेल.

जेठाच्या शेवटी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, पिंपळवाडीला तिचं लग्न झालं, रामकिसनशी. कडूबानं मला मुद्दाम आवतण धाडलं, मेंबर म्हणून. नाल्याला कंबरभर पाणी होतं. आहेराचं लुगडं डोक्यावर धरून मी पाण्यात उतरलो, निम्म्यावर एकदा तोल गेला, आणि मांडवात शिरलो तेव्हा माझ्या धोतरातून धारा लागल्या होत्या.

नवरदेव उठून पुढं आला. मनानं चांगला माणूस! माझं आणि उषाचं काय होतं याचा त्याला पत्ताही नव्हता. मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खऱ्या कळवळ्यानं म्हणाला, "अरारा, मेंबरसाहेब! लई भिजलात की! खरं सांगू का? या नाल्यावर नळ नको होता, पूल पाहिजे होता. तुमी तर मजलिशीत बसता, एक कागद का लिव्हीत न्हाई?"

त्याच्या शेजारी उषानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का आणखी काही, ते मला कळलं नाही.

"लिहितो," मी म्हणालो. आणि ओल्या धोतरानंच पंगतीत जाऊन बसलो.