मास्तर रोज शँपेनला जात

देवराव मास्तर यवतमाळला गेले ते पाणी भरायचा पितळी गुंड, म्हणजे हंडा, आणायला, आणि परत आले ते पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. तिथंच सगळं बिघडलं. कापसाच्या धंद्यातला कुणी गोरा साहेब बंगला मोडून विलायतेला निघाला होता. त्याच्या विकायला काढलेल्या सामानात एका जाडजूड पुस्तकात मास्तरांना नकाशे दिसले, आणि नकाशा दिसला की मास्तरांना घरदार आठवत नसे. (गुंड पुढं सत्यभामाबाईंच्या भावानं आणला. ही गोष्ट मास्तरांना जन्मभर ऐकावी लागली.)

घरी आल्यावर डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला, की पुस्तक द्राक्षाच्या दारूचं आहे. कुठल्या देशात, कुठल्या नदीकाठी, टेकडीच्या कुठल्या उतारावर कुठली दारू होते आणि तिथं जायचं कसं, हे सगळं नकाशांसकट. आता मास्तर म्हणजे कोण? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पंचशील कडक पाळणारे, आणि त्याआधीही थेंबाला न शिवलेले. वर सरकारची दारूबंदी. दुसऱ्या कुणी ते पुस्तक चुलीत घातलं असतं. पण मास्तर लहानपणी ज्या शाळेत शिकले, तिथं त्यांना वर्गाबाहेर बसवत. भिंतीवरचा जगाचा नकाशा तिथून अर्धाच दिसे; युरोप कायम दाराच्या फळीमागं. तो युरोप आता त्यांच्या मांडीवर होता, एकेक नदी उघडी करून दाखवत होता. मास्तरांना तो चुलीत घालवेना.

मग त्यांनी कागदाला कागद चिकटवून फ्रान्सचा भलामोठा नकाशा काढला आणि बैठकीच्या भिंतीवर लावला. लाल दारूच्या गावांना शाळेतली लाल शाई, पांढरीच्या गावांना घरातली हळद. सत्यभामाबाई म्हणाल्या, "भाजीले हळद नाई अन् तुमी फ्रान्सले लावून राह्यले?" मास्तर म्हणाले, "अवो, बर्गंडी अर्धीच पिवळी झाली. एक चिमूट द्या फक्त."

साठ-एकसष्ट सालातली ही गोष्ट. बाभुळगावात तेव्हा कंदिलाचा उजेड, आणि जेवणं झाली की करमणूक म्हणजे एकमेकांची घरं. मास्तरांच्या बैठकीत सारी वस्ती जमायची. हातात छडी, आणि मास्तर निघाले! आज बोर्दो, उद्या शँपेन. कुठं धुकं, कुठं खडूची जमीन, कुठं नदीत उतरलेली द्राक्षाच्या मळ्यांची सावली. ज्यांनी नागपूरच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, ती माणसं ऱ्होन नदीच्या काठानं चालत घरी जायची. फार सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या. आज घरोघरी दिवे आहेत, पण तशी बैठक काही पुन्हा भरली नाही.

अशात कौसल्याचं लग्न जुळत आलं. मास्तरांची ही एकुलती लेक. स्थळ नेरचं, मुलगा भीमराज मॅट्रिक झालेला, बाजार समितीत कारकून, आणि लग्नानंतर पोरीला पुढं शिकू देणार म्हणत होता. असं स्थळ कंदील घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. कौसल्याला मुलगा आवडला होता. ती काही बोलली नव्हती, पण भांडी घासताना गुणगुणायला लागली होती, आणि ते ऐकून मास्तरांचा जीव सुपाएवढा झाला होता.

आता आपल्याकडची रीत अशी, की सोयरीक पक्की करण्याआधी शेजारीपाजारी हळूच चौकशी करायची. मुलाचा मामा एका दुपारी येऊन पाणी मागायच्या निमित्तानं तुळसाबाईच्या अंगणात टेकला. तुळसाबाई म्हणजे मास्तरांची सख्खी शेजारीण, मनानं स्वच्छ. (मनानं स्वच्छ माणसांपासून देव वाचवो.)

"मास्तर मानूस कसा हाये, बाई?" मामानं विचारलं.

"सोनं हाये सोनं! शिवी नाई, भांडन नाई. रात्री जेवन झालं का दारूच्या गावाले जाते, बस. तेवढाच शौक."

मामाच्या हातातला पेला तिथंच थांबला. "रोज जाते?"

"रोज. काल शँपेनले गेलते. येताना लय खुशीत असते."

"एकटेच?"

"एकटे काहून? आमी समदे जातो. लेकरं बी असते. मले तर काल शँपेनमंदीच झोप लागली. पोरीनं हात धरून घरी आनलं."

मामानं उरलेलं पाणी ठेवलं आणि थेट बसस्टँड गाठला.

चार दिवसांनी मुलाचे वडील उकंडाजी स्वतः मामाला घेऊन हजर. थोराड बांधा, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. 'नाही' म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, या मताचा माणूस. "जय भीम" झालं. उकंडाजी बसले ते नेमके नकाशासमोर.

"मास्तर, सरळ इचारतो. तुमी घेता काय?"

मास्तर म्हणाले, "जन्मात थेंब घेतला नाई."

"मंग भिताडावर हे काय हाये?"

"भूगोल," मास्तर म्हणाले.

इथं ते थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण भूगोलाचा मास्तर थांबतो होय? छडी हातात आली. लाल गावं झाली, पिवळी गावं झाली. मामा एकेक नाव ऐकत होता आणि मान हलवत होता. तेवढ्यात कौसल्या खाली मान घालून पन्ह्याचे पेले घेऊन आली, आणि मास्तरांना प्रात्यक्षिकाची बुद्धी झाली.

"आता जाणकार लोक पारख कशी करते ते पाहा," असं म्हणून त्यांनी पन्ह्याचा पेला उचलून उजेडात धरला. तिरपा केला. गरगर फिरवला. नाक आत घातलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग एक घोट तोंडात घेऊन या गालातून त्या गालात खळखळवला, उठले, दारात गेले, आणि लेकीनं पाहुण्यांसाठी सकाळपासून खपून केलेलं पन्हं अंगणात पचकन थुंकले.

"दक्षिण उताराची जमीन," मास्तर म्हणाले. "ऊन भरपूर. थोडी चुनखडी."

कौसल्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सत्यभामाबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मामा तेवढा विजयी झाला. "पाह्यलं भाऊजी? न पेनाऱ्या मानसाले हे येते काय? चाला, उठा."

उकंडाजी उठले नाहीत.

"तू बस खाली," ते मेहुण्याला म्हणाले. "दीक्षेच्या आधी माही सारी जवानी पेन्यात गेली. मोहाची पेलो, गुळाची पेलो, भेटन ते पेलो. पेनारा मानूस कसा असते ते मले शिकवू नोको. पेनाऱ्याची सांडली तर तो भुईवरची चाटते, पन तोंडात गेलेली थुंकत नाई. मेला तरी नाई." त्यांनी मास्तरांकडं बोट केलं. "ह्या मानसानं दारू पेली तर नाईच, पन पेनारा बी जवळून पाह्यला नाई. याले दारूतलं अक्षर कळत नाई. पोरगी पसंत हाये आमाले. साखर आना."

घरात एकदम जीव आला. कौसल्या आत पळाली. तुळसाबाई बाहेरूनच "म्या तं पयलेच सांगतलं होतं" म्हणाली. सगळ्यांचे चेहरे उजळले, एक मास्तरांचा सोडून. त्यांची इतक्या महिन्यांची विद्या भर बैठकीत, होणाऱ्या व्याह्यानं, मोडीत काढली होती. लेकीचं लग्न जुळलं याचा आनंद होताच. पण 'अक्षर कळत नाई'? मास्तरांना राहवेना.

"उकंडाजी, तुमची चूक होऊन राह्यली," ते छडी घेऊन पुन्हा उभे राहिले. "खरे जाणकार थुंकतेच. पुस्तकात लिहिलं हाये. आनू काय पुस्तक? म्हणजे मी नवखा नाई, मले दारूतलं सारं—"

सत्यभामाबाईंनी मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली.

"हे तरी गिळा," त्या म्हणाल्या. "अन् जाणकारी दाखवाची असन, तर वरात गेल्यावर दाखवा."