शेजाऱ्यांची सुरई

योहानकाका आपल्या सुरईला गाडीत सीटबेल्ट लावायचे. सुरई मी म्हणते. चिनीमातीचं, निळ्या फुलांचं, कान असलेलं जाडजूड भांडं होतं ते. "माझं डोकं आपटलं तरी चालेल," ते म्हणत, "हिच्यावर अख्ख्या गल्लीचा हक्क आहे."

मी ऑस्ट्रेलियात टूवूंबाला नर्सिंग शिकायला आले तेव्हा ते आमचे शेजारी होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मोठं माणूस बोलायला लागलं की मी मान डोलवायची. काकांना असंच कोणीतरी हवं होतं. ते रुमानियातले सॅक्सन, म्हणजे तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेले जर्मन. त्यांच्या गावात प्रत्येक गल्लीची शेजारमंडळी असे आणि तिचा एक प्रमुख, शेजारबाप. वर्षातून एकदा सगळे जमत, भांडणं मिटवत, मग एकाच सुरईतून वाइन पीत. लोक देश सोडून गेले, गाव रिकामं झालं तेव्हा शेवटचे शेजारबाप काकाच होते.

इथे त्यांनी स्वतःच स्वतःला नेमलं. आमची कचऱ्याची बिन रस्त्यावर राहिली की दारावर टकटक. "दंड! एक केक!"

"तू कर बाई केक, मला शिफ्ट आहे," माझी रूममेट सायली म्हणायची. "आणि त्या भांड्याला तोंड लावू नकोस हं. सगळ्यांचं उष्टं!"

कोविडच्या वर्षीही काकांनी वर्षाच्या बैठकीसाठी अंगणात लांब लांब खुर्च्या मांडल्या. आम्ही दोघीच गेलो.

"पेले चालत नाहीत," काका हताशपणे म्हणाले. "सुरई एकच."

"काका, आमच्याकडे... म्हणजे, वरून पितात," मी चाचरत म्हणाले. सुरईच्या कानाला सॅनिटायझर चोळला आणि ओठ न लावता पिऊन दाखवलं. मग काकांनी प्रयत्न केला. अर्धी वाइन नाकात, उरलेली शर्टावर.

"काका, दंड!" सायली हसून लोळायची बाकी राहिली.

काका हसले नाहीत. "पण हे प्यायल्यात धरायचं ना?"

"हो. का?"

"आमच्यात हिच्यातून प्यायलेला माणूस शेजाऱ्याला खांदा देतो."

काकांची बायको, एल्झेकाकू, लॉकडाउनच्या सुरुवातीला गेल्या, तेव्हा आम्ही खिडकीतूनच गाडी जाताना पाहिली होती.

"तिची पेटी परक्या माणसांनी उचलली," काका म्हणाले. "सहा जण लागतात."

सायलीने माझ्या हातातून सुरई घेतली, मान मागे टाकली आणि मोठा घोट घेतला. "झालो आम्ही दोघी."

काकांनी मान हलवली. "म्हणजे अजून चार," ते म्हणाले, आणि समोरच्या घरांच्या बंद दारांकडे बघत बसले.