लाल दोऱ्याचं काज

भद्रकालीतले आमचे इब्राहिमभाई टेलर कार्टूनमधल्या पोरांवर खरोखरचे चिडतात. मशीनला मोबाइल टेकवून ते एक मालिका बघतात. त्यात सगळी बड्या बापांची, अकरावी-बारावीतली पोरं.

"ताई, हा व्हिवान बघा. बापाची तीन हेलिकॉप्टरं, अन् शर्ट एकच! पहिल्या भागापासून तोच निळा. माप चुकलं याचं."

"माप चुकलं" हा त्यांचा ठरलेला शेरा. मालिकेतल्या ताराला छत्री धरायलासुद्धा माणूस आहे, पण तिच्या फ्रॉकला कुठे शिवणच दिसत नाही, म्हणून तीही माप चुकलेली. घरच्या तलावात बुटांसकट उडी मारणारा जोजो तेवढा पास. "त्याची पॅन्ट ढोपरावर विरलीय. म्हणजे पोरगं खेळतं."

एकदा मनमाडहून शेरवानी न्यायला आलेला नवरदेव अर्धा तास ताटकळला, कारण व्हिवान-ताराचं भांडण मिटायचं होतं.

मी हसायचे. मग भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा हळूच सांगितलं. मालिका हैदराबादला बनते आणि त्या पोरांच्या कपड्यांची चित्रं काढते यांचीच लेक नसीम. दुकान लेकीने चालवावं असं भाईंच्या मनात होतं. ती चित्रं काढायला गेली. वर्ष झालं, बापलेकीत एक शब्द नाही. दोघंही सारखीच हट्टी. मला फार वाईट वाटलं, आणि हसल्याची लाजही.

परवा मुलाची पॅन्ट आखूड करायला गेले, तर मशीन बंद. भाई मोबाइल नाकाशी धरून बसलेले. व्हिवानने चक्क नवा शर्ट घातला होता! आरशासमोर तो बटणं लावत होता, आणि सगळ्यांत खालचं काज लाल दोऱ्याचं होतं. भाई शिवतात त्या प्रत्येक शर्टाचं शेवटचं काज लाल असतं. ती त्यांची सही.

मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. ते उलट भडकले. "उभं काढलंय! शेवटचं काज आडवं असतं. दहा वर्षं शिकवलं हिला!"

आणि त्या भरातच त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. सलाम नाही, दुआ नाही. "नसीम, शेवटचं काज आडवं."

पलीकडून हसणं आणि रडणं एकदमच ऐकू आलं. "मालूम है, अब्बा. मुद्दाम उभं काढलं. नाहीतर तुम्ही फोन केला असता का?"

भाई गळ्यातली टेप उगाच बोटांना गुंडाळत राहिले. दुकानामागच्या पडद्याआडून भाभींचं "या अल्लाह" ऐकू आलं. माझाही जीव भांड्यात पडला.

"ईदला घरी ये," शेवटी भाई म्हणाले. "तुझं माप माझ्याकडं जुनं झालंय."