सोमकुवर मिस्त्री आणि ओरडणारी बोट

सौंसरला आमच्या गल्लीत कुणाचा कुकर शिट्टी न देता नुसता फुसफुसायला लागला, की सोमकुवर मिस्त्री दारात हजर. बोलावलेलं नसतं. चपला बाहेर काढून सरळ ओट्यापाशी जातात आणि कुकरलाच विचारतात, "काय झालं माय, कायले कुरकुर करून राहिली?" माझ्या बायकोला आधी हे चमत्कारिक वाटायचं. आता ती गॅस बारीक करते आणि शेजारी त्यांच्यासाठी चहा टाकते.

मिस्त्री सत्तरीचे. जन्मभर पांढुर्ण्याकडच्या शेतांवरचे पंप दुरुस्त केले. आवाज करणाऱ्या यंत्राला गप्प बसवणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटतो. "ओरडणाऱ्याचं पहिले आयका, मंग पाना उचला," हे मी दिवसातून दोनदा ऐकतो. माझ्या साळ्याने गाडीतल्या सीटबेल्टची टिकटिक बंद करायला खोटी क्लिप खोचली होती. मिस्त्रींनी ती उपसून नालीत फेकली. साळा अजून आमच्याकडे येताना गाडी गल्लीबाहेर लावतो.

पण एकट्या साळ्याला काय बोलायचं? आमच्या भागात शेतातली मोटार तापून स्टार्टर पडायला, म्हणजे आपोआप बंद व्हायला लागला, की त्याच्या बटणात काडी खोचतात. याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. मग मोटार जळेपर्यंत चालते आणि जळल्यावर लोक विजेला शिव्या देतात. असल्या काड्या उपसण्यात मिस्त्रींची उमर गेली.

जवळच्या डॅमवर एका ठेकेदाराने सहलीसाठी मोटारबोट आणली आणि देखभालीला मिस्त्रींना ठेवलं. म्हातारपणी कुणीतरी बोलावलं याचाच त्यांना आनंद. इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायचे आणि तेलाने माखून यायचे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि बोट ओरडायला लागली. पाच मिनिटं चालली की बीप, लाल दिवा, इंजिन आपोआप मंद. नागपूरहून इंजिनियर आला. त्याने लॅपटॉप जोडला, पडद्यावर कोड आला, कोडचा अर्थ निघाला: तापमान जास्त, सेन्सर तपासा. त्याने सेन्सर बदलला आणि जेवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कोड.

"तो बिचारा तापलं म्हणून सांगून राहिला," मिस्त्री मला म्हणाले, "अन् हे त्यालेच काढून फेकते."

त्यांनी लॅपटॉप वगैरे काही लावला नाही. इंजिनाच्या मागून पाण्याची धार पडते, ती पाहिली. करंगळीएवढी हवी, थेंब थेंब पडत होती. म्हणजे इंजिन थंड ठेवायला तलावाचं पाणी आत जातच नव्हतं. खोलून पाहिलं, तर पाणी ओढायच्या तोंडात गाळ आणि संत्र्याच्या जाळीदार थैल्यांचे धागे. सहलीला येणारे आमचेच लोक संत्री खाऊन थैल्या पाण्यात फेकतात. आतली पाणी ढकलणारी रबरी चकती पार चिरून गेली होती. नवी यायला आठ दिवस लागणार होते आणि ठेकेदाराला रविवारची गर्दी सोडायची नव्हती.

"काका, वायर डायरेक्ट करून टाका न," ठेकेदार म्हणाला.

"लेकरं बसते तुमच्या बोटीत," मिस्त्री म्हणाले, आणि निघून आले.

संध्याकाळी त्यांनी हे मला सांगितलं. मी शाळामास्तर, शहाणपणा केला. म्हटलं, काका, तुमचं काय जातं, गप्प राहा ना. ते चहा अर्धा टाकून उठले.

ठेकेदाराने दुसरा वायरमन आणला. इंजिन सदा थंडच दिसेल असा जुगाड त्याने सेन्सरच्या वायरीत केला. बोट गप्प झाली. रविवारी मी बहिणीला आणि तिच्या पोरांना घेऊन त्याच बोटीत बसलो. बीप होत नाही म्हणजे चकती आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. तलावाच्या मधोमध जळका वास आला, धूर निघाला आणि इंजिन जाम झालं. दीड तास उन्हात बसलो. शेवटी मासे धरणाऱ्यांनी डोंग्यांना दोर बांधून आम्हाला ओढत आणलं.

बातमी ऐकून मिस्त्री काठावर येऊन उभे होते. एकेकाला हात देऊन उतरवत होते आणि पुटपुटत मोजत होते. ठेकेदार सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्रीनं बरोबर पाह्यलं नाही." खरं काय ते मला माहीत होतं. मी बोललो नाही. बहिणीला उलटी होत होती, म्हणून राहून गेलं, असं मी घरी सांगतो. मिस्त्रींचं काम गेलं आणि वर गावभर नाव खराब झालं.

चार दिवसांनी पडलेलं तोंड घेऊन त्यांच्याकडे गेलो. एकटेच असतात. माफी मागायला गेलो होतो, पण माझ्या तोंडून निघालं भलतंच. "काका, एका बीपसाठी इतकं कशाला ताणलं?"

ते हाताला लागलेलं ग्रीस फडक्याला पुसायला लागले.

"तुम्ही तवा इथं राह्यले आले नव्हते, गुरुजी. आमची ही रोज सांगे, पाठीत जळून राहिलं, दम लागून राहिला." भिंतीवरच्या बायकोच्या हार घातलेल्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही, नुसता हात केला. "सीजन होता. मी दिवसभर पंप खोलून थकून येत होतो. एक दिवस चिडलो. म्हटलं, हे रोजचं रडगाणं बंद कर."

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"तिनं बंद केलं, गुरुजी. मंग एक शब्द नाही काढला. अन् मले वाटलं, बरी झाली."