हळदीचं अस्वल

भोजराज सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, ऐन छातीवर, मेहुणीच्या पंज्यांचे दोन पिवळेधमक ठसे होते, आणि केंद्रप्रमुख साहेब तास पाहायला आत्ता येतील की मग येतील, अशी वेळ होती. कामठ्याला भाचीची हळद. तिथून मोटरसायकल दामटत सर थेट दरेकशाकडच्या आपल्या शाळेत आले होते. दुसरा सदरा जवळ नव्हता.

विज्ञानाच्या नव्या पुस्तकात पानोपानी 'करून पहा'. सर मात्र 'पाठ करा'वाले. कालच त्यांनी सातवीकडून घोकून घेतलं होतं, 'हळद आम्लारीत लाल होते, आम्लात पुन्हा पिवळी.' पण साहेबांनी बजावलेलं, ज्याचा तास पाठांतराचा, त्याची उन्हाळी सुटी प्रशिक्षणात. आणि या सुटीत रायपूरला लेकीच्या तान्ह्या पोरीला पाहायला जायचं, असं सरांनी बायकोला, अल्काबाईंना, कबूल केलेलं.

सरांनी हापशीवर कपड्याचा साबण घेतला नि छाती खसाखसा घासली. ठसे गेले नाहीत. लालभडक झाले. लाल ओघळ पोटापर्यंत उतरले.

तेवढ्यात खिचडी शिजवणारी दुर्पताबाई पाण्याला आली. मोहफुलांचे दिवस, अस्वलं गावाच्या कडेनं फिरत होती. तिला दिसले ते पंजेच.

"अवं माय वो! सरले अस्वलानं धरलं!"

"अवं बाई, अस्वल नाही, मेहुणी होय!" सर ओरडले. पण ऐकायला ती थांबते कशाला? पाण्याचा गुंड तिथंच टाकून ती गावाकडं पळाली.

घटकाभरात काठ्या-कुऱ्हाडी नि एक खाट घेऊन गाव हजर. त्यातल्या बकारामनं सरांना बळंच खाटेवर आडवं केलं.

"हालू नोका जी सर. आतडी बाहेर येतीन."

"अरे बापा, हळद हाय हे!"

"पाहा, भ्रमात बोलून राहिले." कुणीतरी अल्काबाईंनाही फोन लावला.

गर्दीतून सातवीतली खुशबू पुढं घुसली. तिनं सदरा हुंगला. "सर, तुमी साबण लावला का जी?"

सरांनी मान डोलावली.

"मंग हा तं कालचा धडा होय!" तिनं खिचडीखोलीतून लिंबू आणलं नि सरांच्या छातीवर पिळलं. लाल पंजा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"दुसरा मी करतो!" बकारामनं काठी टाकली आणि लिंबू हिसकावलं.

नेमके तेव्हाच साहेब फाटकात. पाहतात तो काय, खाटेवर शिक्षक, भोवती अख्खा गाव, आणि पोरं आयाबायांना आम्ल-आम्लारी समजावतायत. साहेबांनी तिथूनच टाळ्या वाजवल्या.

"भोजराज सर, स्वतःच्या अंगावर प्रयोग! तुम्हाला कसलं प्रशिक्षण द्यायचं?"

सरांना रायपूरची गाडी दिसू लागली.

"या सुटीत प्रशिक्षण तुम्हीच द्या. आणि सदरा हाच आणा."

संध्याकाळी अल्काबाईंनी आधी रडून घेतलं, जखम नाही हे पाहून चार शब्द सुनावले, मग सदरा धुवायला नेला. रायपूरचं सांगायला सर तोंड उघडतात, तोच मोरीतून किंकाळी.

"अवो, रगत!"

"भिऊ नोको. लिंबू हाय माह्याजवळ," सर म्हणाले. "अन् बस जराशी. एक सांगाचं हाय."

ऐकता ऐकता अल्काबाईंचा चेहरा लाल होत गेला. सरांनी हातातल्या लिंबाकडं पाहिलं. या लालीवर ते चालणार नाही, हे त्यांना करून न पाहताही ठाऊक होतं.