काटाजोड

पोटच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना, बोरस्ते सरांनी शिट्टी वाजवली. हे मी ऐकीव सांगत नाही. मी दुसऱ्या रांगेत उभा होतो. मुठीतल्या अक्षता वधूवरांच्या डोक्यावर पडायच्या त्या माझ्याच बुटांवर पडल्या.

गंगापूर रोडचं लॉन, गोरज मुहूर्त. नवरीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट तिच्या डोळ्यांत जात होतं आणि नवरदेव सावलीत आरामात उभा होता. सर पुढे आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "निम्मी मंगलाष्टकं झाली. आता बाजू बदला."

गुरुजींचा ‘शुभ मंगल’मधला ‘शुभ’ बाहेर आला होता, ‘मंगल’ घशातच राहिलं. व्याह्यांना वाटलं, काहीतरी अशुभ घडलंय. एक आजीबाई तर रडायलाच लागल्या. शेवटी सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शालू सावरत पुढे आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "अहो, लग्न आहे हे, मॅच नाही. शिट्टी द्या इकडे." सरांनी मुकाट्याने शिट्टी दिली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "भूगोल, तुम्ही सांगा. सूर्य कुठं होता?"

"पश्चिमेला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग!" सर म्हणाले.

बोरस्ते सर आमच्या कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर. मी तिथे भूगोल शिकवतो, म्हणून मी ‘भूगोल’. स्टाफरूममधल्या कुणालाच ते नावाने हाक मारत नाहीत. आमच्या मराठीच्या मॅडमना ते ‘काय मराठी, बरं आहे ना?’ असं विचारतात आणि मॅडमना भाषेचीच तब्येत विचारल्यासारखं वाटतं.

सर मूळचे सायखेड्याचे. त्यांचं सगळं न्यायशास्त्र तिथल्या जत्रेतल्या कुस्त्यांमधून आलेलं. तिथे म्हणे पंच आधी दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करतात, उंची बघतात, खांदे दाबून बघतात, आणि मगच जोड लावतात. "आणि भूगोल, जोड चुकली ना, तर लोक पंचाला शिव्या देतात. हरणाऱ्या पोराला नाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझी बायकोही भाजीवाल्याशी बोलताना ते वापरते. काटाजोड म्हणजे बरोबरीची जोड, कोण जिंकेल ते शेवटपर्यंत सांगता येत नाही अशी. सरांना जगात सगळीकडे काटाजोड हवी असते.

एकदा सर आणि मी सहकुटुंब त्र्यंबकला गेलो होतो. एक साधी रांग, एक खास रांग, आणि खासवाले सरसर पुढे जात होते. माझं लक्ष चपला सांभाळण्यात, तेवढ्यात कानाजवळ शिट्टी. "एक इकडचा, एक तिकडचा! एक इकडचा, एक तिकडचा!" सर दोन्ही रांगांच्या तोंडाशी उभे राहून हात हलवत होते. मला वाटलं, आता हे आत जातात आणि आम्हालाही नेतात. पण तिथल्या रखवालदाराने सरांच्या गळ्यातली शिट्टी पाहिली, पोशाख पाहिला आणि चक्क सलाम ठोकला. पुढचा बराच वेळ लोक शहाण्यासारखे आलटून पालटून आत जात राहिले. मी देवाला काय मागितलं ते आठवत नाही, बहुतेक पाणी मागितलं.

हा असा माणूस शहर-तालुका सामन्यांचा समन्वयक झाला तेव्हा मला आधीच कळायला हवं होतं.

हे सामने म्हणजे मुलींचं बास्केटबॉल. नाशिक शहरातली कॉलेजं एका गटात, तालुक्यांतली दुसऱ्या गटात. इकडच्या एका संघाची तिकडच्या एका संघाशी एकच मॅच, आणि ज्या गटाने जास्त मॅच जिंकल्या त्याला चषक. ऐकायला सरळ आहे. पण कोणाची गाठ कोणाशी, हे शहरवाले चहा पिताना ठरवायचे आणि सगळ्या मॅच शहरातच व्हायच्या. आमचा संघ शहरात पहिला, म्हणून निवडायचा पहिला मान आमचा. आणि आम्ही अगदी मानाने सुरगाण्याकडचं एक छोटं कॉलेज निवडायचो. त्या मुली पहाटेच्या पहिल्या एसटीत बसायच्या, घाटात निम्म्याजणींना उलट्या व्हायच्या, आणि स्टँडवरून थेट आमच्या हॉलमध्ये उभ्या राहायच्या. निकाल सहासष्ट-पाच वगैरे लागायचा. मग आमच्या प्राचार्यांचं भाषण, पेढे, फोटो. त्या मुली परतीची गाडी चुकेल म्हणून फोटोलाही थांबायच्या नाहीत.

"त्या हरत नाहीत हो," सर म्हणायचे. "त्यांना खेळायलाच मिळत नाही. हरायला तरी आधी मॅच लागते ना?"

सरांच्या निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं. ही स्पर्धा एकदा तरी जोड लावून घ्यायची, एवढी एकच इच्छा त्यांनी नोकरीभर धरून ठेवली होती. समन्वयकपद ज्येष्ठतेने फिरत फिरत त्यांच्याकडे आलं ते अगदी शेवटी.

बैठकीत सर्व प्राचार्यांसमोर सर उभे राहिले. पहिलंच वाक्य, "आमच्या कॉलेजच्या हॉलमधली रिंग दोन बोटं खाली आहे. मी काल टेप लावून बघितलं. आमच्या पोरींना सवय आहे, बाहेरच्यांचा बॉल वरून जातो." आमचे प्राचार्य बाकरवडी खात होते. ती अर्धी बाहेर, अर्धी आत अशी थांबली. स्वतःच्याच कॉलेजची चुगली भर बैठकीत करणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

"आता जोड," सर पुढे म्हणाले. "पहिल्याची पहिल्याशी, शेवटच्याची शेवटच्याशी. निम्म्या मॅच शहरात, निम्म्या तालुक्यांत. कुठली कुठं, ते चिठ्ठी ठरवील. लांबून येणाऱ्या टीमची मॅच दुपारी जेवण झाल्यावर. कोणी एसटीतून उतरून थेट खेळणार नाय."

"म्हणजे आपण बाहेर जायचं?" प्राचार्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता.

"चिठ्ठी निघाली तर."

चिठ्ठ्या काढायला सरांनी कँटीनच्या मावशींना बोलावलं, कारण त्यांना कुठल्याच कॉलेजशी देणंघेणं नव्हतं. मावशींनी पदराला हात पुसून पहिलीच चिठ्ठी काढली ती आमची, बाहेर जायची. तालुक्यात पहिलं आलेलं कॉलेज पिंपळगाव बसवंतकडचं. म्हणजे आम्ही पिंपळगावला, त्यांच्या मैदानावर. आणि सुरगाण्याकडच्या त्या मुलींची मॅच शहरातल्या शेवटच्या क्रमांकाच्या संघाशी, आणि तीही त्यांच्याच गावात. प्राचार्यांनी मावशींकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "दुसरी काढू का?"

पिंपळगावचं ते मैदान पाहून आमच्या मुलींचे चेहरे उतरले. उघडं, सिमेंटचं, एका अंगाला कांद्याचा लिलाव, दुसऱ्या अंगाला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. टेम्पो ओळीने उभे आणि टपांवर अख्खं गाव बसलेलं. समोरच्या संघातल्या मुली बागायतदारांच्या, उंच, हसऱ्या, आणि आमच्या कॅप्टनला आल्या आल्या ‘जेवलीस का गं?’ विचारणाऱ्या. आमच्या मुलीने फ्री थ्रोसाठी बॉल हातात घेतला की सगळे टेम्पो एकदम हॉर्न वाजवायचे. आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या आवाजावरूनही तक्रार व्हायची. इथे आमच्या कॅप्टनने बॉल काखेत धरून दोन्ही कानांत बोटं घातली.

सरांनी मॅच थांबवली. मला बरं वाटलं, म्हटलं आता हे हॉर्न बंद करतील. सर टेम्पोंपाशी गेले आणि ओरडले, "एकाच टीमला वाजवता व्हय? लाज नाय वाटत? वाजवायचा तर दोन्ही टीमला वाजवा!"

ड्रायव्हर लोक समजूतदार निघाले. त्यानंतर त्यांच्या मुलींच्याही फ्री थ्रोला हॉर्न वाजले, आणि तेही जास्त जोरात. पंचांच्या शिट्ट्या कोणालाच ऐकू येईनात.

पण मॅच काय झाली! दोन गुण इकडे, दोन तिकडे. भूगोलाचा प्राध्यापक असून मी खुर्चीवर उभा होतो. शेवटची काही मिनिटं उरली असताना सरांचा फोन वाजला. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"सर! आमी हारलो, सर!" सुरगाण्याकडच्या संघाची कॅप्टन ओरडत होती.

"किती?" सरांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"दोन! दोनच पॉइंटनी हारलो! सर, शेवटला बॉल आत गेला असता ना, तर आमीच! सगळा गाव बघाया आलेला, सर!" मागे ढोल वाजत होता आणि पोरी किंचाळत होत्या. हरल्यावर कोणी असं नाचतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

सर हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि फोन कानाला लावून ते नुसतं ‘शाब्बास, शाब्बास’ म्हणत राहिले. नेमक्या त्याच क्षणी मैदानावर आमच्या मुलीचा बॉल रिंगला लागून बाहेर आला, आणि आम्ही हरलो. सगळं पिंपळगाव नाचायला लागलं. प्राचार्यांनी मान वळवली तर त्यांचा स्वतःचा फिजिकल डायरेक्टर, कॉलेज हरल्याबरोबर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

मी समजावायला गेलो. प्राचार्य म्हणाले, "मला दिसतं, मी आंधळा नाही."

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. सरांना समन्वयकपदावरून काढलं आणि पुढच्या वर्षीपासून पुन्हा जुनीच पद्धत, असं ठरलं. सर बैठकीला नव्हते. पाच वाजले की ते घरी पळतात. हे सांगायचं कोणी? "तुमचं ऐकतात ते," असं म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं.

सरांचं घर म्हसरूळला. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. वहिनींना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, त्यात उजवी बाजू गेली. त्याबद्दल सर कॉलेजात कधी अवाक्षर काढत नाहीत. दार उघडंच होतं. आत पलंगाला लावून टेबलावर कॅरम मांडलेला. वहिनी पाठीला उशा लावून बसल्या होत्या, सर समोर.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. शब्द थोडे जड येत होते, पण हसू तेच.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसलो असतो तर धीर झाला नसता.

"सगळ्यांनी हात वर केले?" सरांनी विचारलं.

"केले."

"मोजले?"

"मोजले, सर."

"मग नियमात आहे." सरांनी बोर्डाच्या कडेची पावडर बोटाने पुसली. "त्या पोरींना परत पहाटेच्या एसटीनं आणणार?"

वहिनीच म्हणाल्या, "नाही येणार त्या. दोननं हरलेल्या पोरी आता साठनं हरायला कशाला येतील? भांडतील. तुम्ही बघा."

सर चहा करायला उठले, मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. आधण ठेवता ठेवता ते हळू आवाजात बोलायला लागले. वहिनी माहेरी असताना कॅरममध्ये पट्टीच्या. लग्नानंतर सरांना त्यांनी कधी जिंकू दिलं नाही. हात गेल्यावर त्यांनी बोर्डाकडे बघणंच सोडलं. "मग मी म्हणालो, मी पण डाव्या हाताने खेळतो. दोघं डाव्या. काटाजोड. लगेच उठून बसली."

"छान झालं की, सर."

"छान कसलं?" सरांनी गॅस बारीक केला. "माझा डावा सुधारला, भूगोल. रोज खेळून लय सुधारला. तिचा तिथंच हाय. बसवत पण नाय तिला फार वेळ. आता रोज मीच जिंकतोय. ती काय बोलत नाय, पण काल म्हणाली, राहू दे आज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने मला कधी काही विचारलं नव्हतं, सूर्य सोडला तर. "सांगा, ही जोड आता कशी लावू?"

"एखादी सोंगटी सोडून द्यायची, सर."

सर इतके हबकले की त्यांच्या हातातली गाळणी खाली पडली. "मुद्दाम? तिच्याशी लबाडी करू?"

मी गाळणी उचलून दिली. चहा घेऊन आम्ही बाहेर आलो.

पाळी सरांची होती. राणी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबलेली, फुंकर मारली तरी आत जाईल अशी. सरांनी डाव्या हाताने स्ट्रायकर लावला. नेम धरला. बराच वेळ धरला. मग सोडला, आणि स्ट्रायकर राणीच्या बाजूने, चांगला वीतभर अंतरावरून, निघून गेला.

मला धक्का बसला. लग्नातल्या शिट्टीपेक्षा मोठा. सरांचे कान लाल झाले होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

वहिनींनी बोर्डाकडे पाहिलं, मग सरांकडे. बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नेम गेला वाटतं तुमचा."

"गेला," सर म्हणाले.

वहिनींनी डावा हात उचलून सावकाश स्ट्रायकर लावला आणि राणी घेतली. अर्ध्या ओठांनी त्या खळखळून हसल्या.

"हसू नको लगेच," सर म्हणाले. "नुसती राणी घेऊन होत नाय. कव्हर घ्यावं लागतं. नियम आहे." आवाज करडा काढायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण तो काही त्यांना जमला नाही.