आईसाहेबांच्या महाली ऊबयंत्र रुजू जाहले त्याची हकीकत

श्री. चुलीतल्या विस्तवास आणि त्याजवर हात शेकणाऱ्या समस्तांस नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही, जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्य डोंगरावरचे, गड उंच आणि वारा बेगुमान. त्या गडावर थोरल्या आईसाहेब राहत असत, वय वर्षे एक्याऐंशी, गुडघ्यांत वात, परंतु जबान शाबूत. त्यांच्या महालाचा कारभार गोंदोपंत शेजवळकर नामे गृहस्थ पाहत असत. पंत बाविसाव्या वर्षी चाकरीस लागले ते आता पन्नाशी उलटून गेले, आणि सकाळी आईसाहेबांच्या पायाशी बसून पोथी वाचून दाखवावी याहून दुसरे सुख त्यांस ठाऊक नव्हते. त्या साली थंडी ऐसी पडली की हंड्यातले पाणी दातांस झोंबू लागले, तेव्हा आईसाहेबांनी फर्माविले की, "पौषी पौर्णिमेपर्यंत वाट पाहीन. महालात ऊब आली तर बरे, नाहीतर घाटाखाली लेकीकडे जाऊन राहीन. आणि एकदा उतरले की ही हाडे पुन्हा गड चढायची नाहीत, हे ध्यानात ठेवा." हे ऐकून पंत पोथी मिटून त्याच पावली दरबाराकडे निघाले.

मग दरबारात मसलत बसली आणि ठरले की वस्तू वापरणाऱ्यास सुखाची व्हावी ऐसी घडविणाऱ्या अनुभवरचना कारखान्याचे सरदार हैबतराव यंत्रे यांस पाचारण करावे. हैबतराव पाच असामी, सतरा मोबाईल आणि रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन गडावर दाखल जाहले, आणि त्यांणी महालाच्या भिंतीवर तळहाताएवढे गोल थर्मोस्टॅट बसविले, आणि तळघरात ऊब फुंकणारे एक धूड ठेविले, आणि समजाविले की भिंतीवरले यंत्र महालातली थंडी पाहील, थंडी दिसली की तळघरास हुकूम करील, आणि हा सारा कारभार पंतांच्या मोबाईलातल्या अ‍ॅपात दिसेल. पंतांनी विचारले, "आणि आम्ही काय करावे?" हैबतराव हसून म्हणाले, "काहीच नाही. यंत्र आपणहून शिकते. आमची सारी रचनाच वापरणाऱ्यास मध्यभागी ठेवून केलेली असते, पंत." हे दरबारच्या दिवाणजींच्या कानी पडले मात्र, त्यांणी आईसाहेबांचे आसन खिडकीतल्या उन्हातून उचलविले आणि महालाच्या बरोबर मध्यभागी, दोरीने मोजून, मांडविले. आईसाहेब म्हणाल्या, "ऊन तिकडे आणि मी इकडे, हे काय?" दिवाणजी अदबीने म्हणाले, "रचना ऐसी आहे." कोणास काही उमगले नाही, परंतु सर्वांनी माना डोलाविल्या.

आता त्या राज्याचा रिवाज ऐसा की, नवा जो कोणी चाकरीत रुजू होईल त्यास दरबारातून शाल पांघरावी, आणि एकदा पांघरलेली शाल राजघराण्याच्या हातावाचून कोणी उतरवू नये. उतरविली तर तो त्या असामीचा अपमान. यंत्र तर रुजू जाहलेच होते. म्हणोन हैबतराव गड उतरताच दिवाणजींनी उत्तम पश्मिन्याची शाल चौपदरी करून यंत्रास पांघरली, आणि म्हाळसा दासीने यंत्राखालच्या कोनाड्यात अखंड समई लाविली, की नव्या चाकरास आपल्याकडे परके वाटू नये. समईची धग हळूहळू शालीत शिरू लागली. यंत्राचा ऐसा मान त्याच्या जन्मी जाहला नसेल.

दुसरे दिवशी पंतांनी मोबाईल उघडिला तो अ‍ॅपात एकोणतीस अंश. पंतांच्या तोंडून तर वाफ निघत होती. त्यांणी मोबाईल झटकला, पुसला, पुन्हा पाहिला, एकोणतीसच. मग त्यांणी हैबतरावांस फोन लाविला आणि म्हणाले, "सरकार, आईसाहेबांस थंडी वाजते." हैबतराव म्हणाले, "अ‍ॅपात किती दिसते?" "एकोणतीस." "मग पंखा लावायचे दिवस आले म्हणायचे! अहो, वय झाले की माणसास उगीच थंडी वाजते. तुम्ही त्याच महालात बसता ना? तुम्हांस वाजते का?" आता दुसरा रिवाज ऐसा की, चाकराने आपली थंडी, आपली भूक, आपली झोप यांचे नाव धन्याच्या कामात काढू नये. पंतांनी बंडीखाली बंडी घातली होती आणि दात एकमेकांवर वाजत होते, तरी त्यांणी दात आवळून उत्तर केले, "आमचे काय विचारता? आम्ही ठीक." हैबतराव म्हणाले, "बघा! यंत्र चोख आहे." आणि त्यांणी कागदावर लिहून ठेविले की वापरणारे एकंदर समाधानी, एक वृद्ध अपवाद.

मग पंत भ्रमात पडले. वाटले, यंत्र म्हणते उकडते आणि आपण कापतो, तेव्हा आपल्यासच हिवताप तर नाही? त्यांणी कपाळ चाचपले, सुंठीचा काढा घेतला, वैद्यास नाडी दाखविली. वैद्य काकडत म्हणाला की नाडी उत्तम. मग अ‍ॅपाने विचारले की ऊब कैसी वाटली, पाच ताऱ्यांपैकी किती. शाल पांघरलेल्या चाकरास चार तारे देणे म्हणजे भर दरबारात तोंडावर मारणे, म्हणोन पंतांनी पाच दिले, आणि रोज दिले, आणि यंत्र शिकले की इथले सारे फार सुखात आहेत. मग हैबतरावांकडून सतरा प्रश्नांची यादी आली आणि पंतांनी ती आईसाहेबांपुढे वाचिली, की यंत्राचा गोलाकार मनास कैसा भासतो, आकड्यांचा निळा रंग शांत वाटतो की प्रसन्न, शेजाऱ्यांस शिफारस कराल काय. आईसाहेबांनी दुलईतून नाक बाहेर काढून विचारले, "गोंदोपंत, यात थंडी वाजते का, हे कुठे विचारले आहे?" पंतांनी यादी खालून वर, वरून खाली पाहिली. नव्हते. त्यांणी यादी घडी करून कनवटीस लाविली, आणि त्या दिवशी पोथीच्या ओळी त्यांच्या डोळ्यांपुढे ठरेनात.

पौषी पौर्णिमा उजाडली. पालखी दाराशी लागली, पेट्या भरल्या, दुलया, लोकरी वस्त्रे सारी पेट्यांत गेली. आईसाहेब नुसत्या लुगड्यानिशी महालाच्या मध्यभागी उभ्या, ओठ निळे पडलेले. पंत मोबाईल हातात धरून कोपऱ्यात उभे, अ‍ॅपात एकोणतीस, आणि त्यांस एवढेच कळत होते की आता आपला मुक्काम इथे उरला नाही. आईसाहेबांनी इकडे तिकडे पाहिले, आणि सरळ भिंतीशी जाऊन यंत्रावरली शाल ओढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि म्हणाल्या, "याला मेल्याला कशाला शाल? याला का थंडी वाजते?" शालीच्या फटकाऱ्याने समई विझली. दिवाणजींनी कानांवर हात ठेविले. म्हाळसेने जीभ चावली.

घटका दोन घटका निरोप चालले. मग पंतांच्या हातातला मोबाईल थरथरला, आणि पाहतात तो एकोणतिसाचे बावीस, बाविसाचे सोळा, सोळाचे अकरा जाहले, आणि पायांखाली धूड गुरगुरले, आणि जमिनीतल्या जाळीतून उबदार वारा येऊन आईसाहेबांच्या पावलांस लागला. आईसाहेबांनी दोन्ही पावले जाळीशी सरकविली. लगोलग हैबतरावांचा निरोप आला की, "नवे अपडेट पाठविले होते, लागू पडलेले दिसते." दिवाणजी म्हणाले की हा पौर्णिमेचा गुण. पंत एकदा शालीकडे, एकदा विझल्या समईकडे, एकदा उघड्या यंत्राकडे पाहत राहिले, आणि मग त्यांच्या डोक्यात जो काय उजेड पडला त्याने त्यांचे डोळे भरून आले.

आईसाहेब आसनावर बसल्या आणि म्हणाल्या, "पेट्या उघडा. आसन खिडकीशी न्या. आणि गोंदोपंत, खरे सांगा, महिनाभर तुम्हांस थंडी वाजत नव्हती?"

पंत तीस वर्षांत प्रथम रिवाज मोडून बोलले, "वाजत होती, आईसाहेब. फार वाजत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी... म्हणजे हैबतरावांनी विचारले होते. आम्हीच ठीक म्हणालो."

आईसाहेबांनी शालीचे एक टोक उचलून धरिले आणि म्हणाल्या, "या इकडे. पोथी आणा."

एवंच, सतरा प्रश्नांनी जे जाहले नाही ते एका शालीने जाहले. यंत्र अद्याप त्या भिंतीवर उघडेच आहे. दिवाणजी येता जाता त्यास लवून क्षमा मागतात. पंतांनी यादीस अठरावा प्रश्न आपल्या हाताने जोडला आहे, आणि त्याचे पहिले उत्तरही आपणच लिहिले आहे. लिहिणाराचे हात गारठले, सबब अक्षर वाकडे. वाचणाराने शेकून वाचावे.